नव्या खुल्या कोळसा खाणीला परवानगी मिळते ती कोणत्या अटींवर?

नव्या खाणीतून वर्षाला किती कोळसा निघणार, हा आकडा बातमीच्या मथळ्यात असतो. खाणीशेजारी राहणाऱ्यांसाठी त्याहून महत्त्वाचा आकडा बहुतेक वेळा बातमीत सापडतच नाही: त्या कोळशासाठी माती-दगड किती उपसावा लागणार?

एक टन कोळशामागे जितके घनमीटर माती-दगड काढावे लागतात त्या प्रमाणाला खाणवाले स्ट्रिपिंग रेशो म्हणतात आणि त्या माती-दगडाला ओबी, म्हणजे ओव्हरबर्डन. एक हिशेब करून बघू. समजा खाण वर्षाला २० लाख टन कोळसा देणारी आहे आणि रेशो आहे ५. म्हणजे दरवर्षी १ कोटी घनमीटर ओबी. जमिनीत घट्ट बसलेला खडक फोडून बाहेर टाकला की फुगतो. हा फुगवटा २५ टक्के धरला तर झाले सव्वा कोटी घनमीटर. ढिगाची सरासरी उंची ५० मीटर ठेवली, तरी एका वर्षाच्या ओबीसाठी २५ हेक्टर, म्हणजे साठ एकरांहून जास्त जमीन लागते. आणि पहिली काही वर्षं हा ढीग खड्ड्याबाहेरच टाकावा लागतो, कारण कोळसा काढून मोकळी झालेली जागा आत अजून तयारच झालेली नसते.

नव्या खाणीवर घातल्या जाणाऱ्या बहुतेक पर्यावरणीय अटी या उलथापालथीतूनच येतात. त्यातल्या बऱ्याच अटी वेळेच्या आहेत. ढीग पडल्यावर त्याखालची सुपीक माती परत मिळत नाही, आणि विहीर आटल्यावर ती आधी किती भरलेली असायची हे मोजता येत नाही. त्यामुळे अटींची यादी वाचताना ‘काय करणार’ याच्याइतकंच ‘कधी करणार’ हे बघावं.

परवानगी एकच नसते

लिलावात कोळसा खंड मिळाला म्हणजे खाण सुरू करता येते, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तिथून कागदांची रांग सुरू होते. जमीन संपादनाचा मार्ग वेगळा, खाण आराखड्याची मंजुरी वेगळी. पर्यावरणाच्या बाजूने सगळ्यात मोठा टप्पा म्हणजे पर्यावरण मंजुरी. ती १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार दिली जाते आणि त्या अधिसूचनेमागे १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आहे. मोठ्या खाणींचा निर्णय दिल्लीत केंद्रीय मंत्रालयात होतो, लहान खाणींचा राज्यपातळीवरच्या प्राधिकरणाकडे.

क्रम असा असतो. कंपनी अर्ज करते. तज्ज्ञ समिती अभ्यासात काय काय यायला हवं ते ठरवून देते. मग खाणीभोवतीच्या साधारण १० किलोमीटर परिसरातली हवा, पाणी, माती, आवाज, झाडं-प्राणी आणि लोकजीवन यांची आजची स्थिती नोंदवून पर्यावरण आघात मूल्यांकन अहवाल तयार होतो. त्यावर जनसुनावणी होते. सुनावणीत आलेल्या हरकतींना उत्तरं देऊन अंतिम अहवाल समितीपुढे जातो आणि समितीच्या शिफारशीनंतर अटींसह मंजुरीचं पत्र निघतं.

या अहवालात दोन कच्चे दुवे आहेत. पहिला उघड आहे: अहवाल करणाऱ्या सल्लागाराचे पैसे कंपनीच देते. दुसऱ्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. हवा-पाण्याच्या मोजमापासाठी एका हंगामाची नोंद पुरते आणि तो हंगाम पावसाळा सोडून धरायचा असतो. धुळीच्या अंदाजासाठी हे ठीकच, कारण धूळ कोरड्या दिवसांतच उडते. पण ढिगावरून वाहून येणारा गाळ, नाल्याचा पूर, खड्ड्यात साठणारं पाणी ही सगळी पावसाळ्याची दुखणी. ती त्या तीन महिन्यांच्या नोंदीत दिसणारच नाहीत. जनसुनावणीत विचारण्यासारखा पहिला प्रश्न हाच: आमच्या नाल्याचा पावसाळ्यातला प्रवाह कुणी मोजला का, आणि केव्हा?

जनसुनावणी राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं. किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना द्यावी लागते, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या वतीने अतिरिक्त जिल्हाधिकाऱ्यांपेक्षा कमी दर्जाचा नसलेला अधिकारी असावा लागतो आणि सगळ्या कामकाजाचं व्हिडिओ चित्रीकरण होतं. अहवालाचा सारांश मराठीत मिळतो, पूर्ण अहवाल मात्र बहुधा इंग्रजीतच आणि शेकडो पानांचा. सुनावणीला येता आलं नाही तर लेखी हरकत देता येते आणि तिचंही उत्तर अंतिम अहवालात यावं लागतं. सुनावणी म्हणजे मतदान नव्हे. हजारभर लोकांनी नुसता ‘विरोध’ म्हटलं, तर नोंद होते, पण मंजुरी अडत नाही. ‘गट नंबर अमुकमधला ओढा नकाशात दाखवलेलाच नाही’ असं एकाने लिहून दिलं, तर समितीला कंपनीकडे खुलासा मागावा लागतो.

खाणीखाली वनजमीन असेल तर वनमंजुरी वेगळी, तीही दोन टप्प्यांत: आधी तत्त्वतः, मग अंतिम. पर्यायी वनीकरणासाठी जमीन आणि पैसा द्यावा लागतो, शिवाय गेलेल्या जंगलाचं निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे जंगल गेल्याच्या नुकसानीपोटी ठरलेली रक्कम, भरावं लागतं. २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे दावे निकाली काढणं आणि ग्रामसभेची संमती हा यातला सगळ्यात वादाचा भाग. अभयारण्य किंवा वन्यजीवांचा भ्रमणमार्ग जवळ असेल तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाचंही दार ठोठवावं लागतं. काही जागा अशा असतात की तिथे कुठलीही अट पुरेशी ठरत नाही. ताडोबाजवळचा बंदर कोळसा खंड २०२० मध्ये लिलावाच्या यादीतून वगळला गेला, तो वाघांच्या वाटेवर येत होता म्हणूनच.

या सगळ्यानंतर १९७४ चा जल कायदा आणि १९८१ चा वायू कायदा यांखाली प्रदूषण मंडळाची संमती लागते. २०२४ पर्यंत ती दोनदा घ्यावी लागे: उभारणीआधी एक, प्रत्यक्ष काम सुरू करण्याआधी दुसरी. भूजलासाठीचं ना हरकत प्रमाणपत्र आणखी निराळं.

ढिगाऱ्याचा उतार

आता प्रत्यक्ष जमिनीवर येऊ. वरचा सुपीक मातीचा थर आधी वेगळा काढून वेगळ्या जागी ठेवायचा, ही जवळपास प्रत्येक मंजुरीतली अट. वाचायला साधी, पण तिच्यात एक मेख आहे. माती म्हणजे नुसती धूळ नव्हे. तिच्यातले जीवजंतू हवेवर जगतात. मातीचा उंच ढीग घालून तो वर्षानुवर्षं ठेवला तर आतली माती मरते आणि पुढे झाडं लावताना ती उपयोगाची राहत नाही. म्हणून हे ढीग बुटके हवेत, त्यांच्यावर गवत हवं आणि माती शक्य तितक्या लवकर वापरात यायला हवी. पाहणीला गेलात तर सुपीक मातीचा ढीग कुठे आहे हे विचारा. ओबीच्या डोंगराकडे बोट दाखवलं गेलं, तर काय ते समजून घ्या.

ओबीच्या ढिगाबद्दल मंजुरीपत्रात एक आकडा हमखास भेटतो: एकूण उतार २८ अंशांपेक्षा जास्त नको. डंपरने सुटा माल ओतला की तो आपोआप साधारण ३७ अंशांवर थांबतो. ९० मीटर उंचीचा ढीग ३७ अंशांत ठेवला तर त्याचा पायथा कडेपासून सुमारे १२० मीटर बाहेर येतो. २८ अंशांत ठेवला तर सुमारे १७० मीटर. म्हणजे प्रत्येक बाजूला ५० मीटर जास्त जमीन. ती विकत घ्यावी लागते, तिचा मोबदला द्यावा लागतो. ढीग उभा ठेवण्याचा मोह कुठून येतो, हे यावरून कळेल. २८ अंश गाठण्यासाठी ढीग पायऱ्या-पायऱ्यांनी रचतात. एकेका पायरीचा उतार तीव्र असला तरी मधल्या सपाट पट्ट्यांमुळे एकूण उतार सौम्य होतो. त्या पट्ट्यांचा ढाळ आतल्या बाजूला ठेवायचा असतो, म्हणजे पावसाचं पाणी कडेवरून धबाधबा कोसळत नाही.

उताराचा प्रश्न जीवावर बेतू शकतो. २९ डिसेंबर २०१६ रोजी झारखंडमधल्या गोड्डा जिल्ह्यात लालमटियाजवळच्या राजमहल खुल्या खाणीत ओबीचा प्रचंड ढिगारा घसरला आणि २३ कामगार गेले. ढीग फक्त बाहेरच्या शेतांवर येतो असं नाही. खाणीतल्या माणसांवरही येतो. त्यामुळे उताराची अट एकाच वेळी पर्यावरणाची आणि कामगारांच्या सुरक्षेची आहे. मोठ्या खाणींत आता उताराची हालचाल टिपणारी रडार यंत्रं बसवायला सांगतात.

ढिगाच्या पायथ्याला दगडी भिंत, तिच्याबाहेर चौफेर नाली, नाली जिथे संपते तिथे गाळ बसवण्याचं तळं, आणि तळ्यातून निवळलेलं पाणीच पुढे नाल्यात: ही साखळी नेहमीची. इंजिनियरिंग म्हणून यात अवघड काही नाही. गोची क्रमाची आहे. भिंत आणि नाली ढिगाच्या आधी बांधली तर ती ढिगाच्या अंतिम पायथ्यावर येते. ढीग वाढत गेल्यावर ‘आता नाली खणू’ म्हटलं की जागाच उरत नाही. एका बाजूला ढीग, दुसऱ्या बाजूला हद्द आणि हद्दीपलीकडे कुणाची तरी पऱ्हाटी. चंद्रपुरात इरई नदीच्या काठच्या ढिगाऱ्यांवरून लोकांच्या तक्रारी कित्येक वर्षांच्या आहेत. नदीकाठी एकदा पडलेला ढीग हलवायचा म्हणजे दुसरी खाण खणण्याएवढं काम, आणि त्यातून कोळसा काही निघणार नसतो.

तळ्यांची आणखी एक गंमत. गाळ बसला की तळं उथळ होतं. दर उन्हाळ्यात ते उपसलं नाही, तर पहिल्या मोठ्या पावसात सगळं गढूळ पाणी तसंच पुढे जातं. नियमानुसार खाणीतून बाहेर सोडलेल्या पाण्यात तरंगते कण लिटरमागे १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाहीत.

खड्ड्यात उतरणारं पाणी

भूजलाच्या दृष्टीने खुली खाण म्हणजे गावातल्या सगळ्या विहिरींपेक्षा खोल असलेली आणि अहोरात्र पंप चालू असलेली एक अजस्र विहीर. आजूबाजूचं पाणी तिच्याकडे ओढलं जातं. चंद्रपूर-वणी भागात, वर्धा नदीच्या खोऱ्यात, कोळसा बराकर थरात असतो आणि त्यावर अनेक ठिकाणी कामठीचा वालुकाश्म. हा वालुकाश्म पाणी धरणारा खडक. कोळशापर्यंत जायचं म्हणजे त्याला कापावंच लागतं. परिणाम किती दूर जाईल हे खडकाच्या झिरपण्यावर आणि खड्ड्याच्या खोलीवर ठरतं, आणि त्याचा अंदाज अहवालात द्यावा लागतो.

म्हणून अट असते निरीक्षण विहिरींची, पीझोमीटरची. पाण्याची पातळी वर्षातून चार वेळा नोंदवायची: जानेवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर. यातही खाण सुरू होण्याआधीची नोंद सोन्याच्या मोलाची. ती नसेल तर पुढे विहीर आटली की ‘यंदा पाऊसच कमी झाला’ हे उत्तर ठरलेलं. गावकऱ्यांनी स्वतःच्या विहिरींची पातळी तारखेनिशी लिहून ठेवायला काहीच खर्च येत नाही. दोरी, दगड आणि वही. विहिरींवर परिणाम झाला तर पाण्याची पर्यायी सोय खाणीनेच करायची, ही अट बहुतेक पत्रांत असते. वाद होतो तो परिणाम खाणीमुळेच झाला हे दाखवण्यावरून.

पावसाचं पाणी हा वेगळाच मामला. खड्डा २०० हेक्टरांचा असेल आणि एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर फक्त खड्ड्याच्या तोंडावर पडलेलं पाणी २ लाख घनमीटर, म्हणजे २० कोटी लिटर. ते तळाशी साठवून, निवळून मग बाहेर काढायचं असतं. यापैकी काही पाणी धूळ दाबायला वापरतात, काही प्रक्रिया करून गावांना किंवा शेतीला देता येतं. स्फोटकांच्या अवशेषांतून या पाण्यात नायट्रेट उतरतं, म्हणून नायट्रेट नायट्रोजनची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम ठेवलेली आहे. कोळशात गंधकाची खनिजं जास्त असतील तर हवा-पाणी लागून आम्ल तयार होतं. ते आधी तपासून घ्यायचं असतं.

नदी-नाला वळवायचा असेल तर जलसंपदा विभागाची मान्यता लागते आणि पुराच्या आजवरच्या सर्वोच्च पातळीहून उंच बांध घालावा लागतो. हा बांध खाणीला वाचवतो. पण तेच पुराचं पाणी मग समोरच्या काठावर चढतं का, हे अहवालात पाहायला विसरू नये.

धूळ आणि हादरे

खाणीतली सगळ्यात जास्त धूळ स्फोटातून येत असेल असं वाटतं. स्फोट क्षणभराचा असतो. दिवसरात्र धूळ उडवतात ते डंपर, कच्च्या हॉलरोडवर, म्हणजे खाणीतल्या वाहतुकीच्या रस्त्यावर. म्हणून रस्ता नीट दाबलेला, त्यावर ठरलेल्या अंतराने फवारे, ड्रिलिंगला पाण्याची जोड, क्रशर आणि कन्व्हेयर झाकलेले, आणि कोळसा शक्यतो सायलोतून, म्हणजे उंच बंदिस्त कोठीतून, थेट रेल्वेत. हद्दीबाहेर गेल्यावर ट्रकवर ताडपत्री हवी आणि गावातल्या रस्त्याला बगल देणारा स्वतंत्र मार्ग हवा. वणी-चंद्रपूरकडे रस्त्यालगतच्या शेतात पांढरा कापूस करडा होतो, भाव पडतो. तो बहुतेक वेळा खाणीपेक्षा या वाहतुकीमुळे.

इथे एक विसंगती माहीत असलेली बरी. कोळसा खाणींसाठी २००० साली ठरवलेल्या मानकांत नव्या खाणीतल्या धुळीच्या स्रोतापासून ५०० मीटरवर श्वासात जाणाऱ्या बारीक धुळीची २४ तासांची मर्यादा घनमीटरला २५० मायक्रोग्रॅम आहे. गावातल्या हवेसाठी २००९ चं राष्ट्रीय मानक लागू होतं आणि तिथे पीएम-१० ची, म्हणजे अशाच बारीक धुळीची, मर्यादा आहे १००. म्हणून ‘धूळ मानकांच्या आत आहे’ असं अहवालात दिसलं, की यंत्र कुठे ठेवलं होतं ते आधी पाहावं.

ब्लास्टिंगसाठी खाण सुरक्षा महासंचालनालयाचे नियम आहेत. २०१७ च्या कोळसा खाण विनियमांनुसार स्फोटाच्या जागेपासून ५०० मीटरपर्यंत धोक्याचा टापू धरतात. हादऱ्याची मर्यादा घराच्या प्रकारावर आणि कंपनाच्या वारंवारितेवर ठरते. खाणीच्या मालकीची नसलेली साधी घरं असतील आणि कंपन ८ हर्ट्झपेक्षा संथ असेल, तर जमीन सेकंदाला ५ मिलिमीटरपेक्षा जास्त वेगाने हलता कामा नये. जुन्या ऐतिहासिक वास्तूंसाठी हीच मर्यादा २. हादरा कमी ठेवण्याची युक्ती म्हणजे सगळी स्फोटकं एकदम न उडवता हजारांश सेकंदांच्या अंतराने भोकाभोकाने उडवणं. भिंतींना तडे जाण्याच्या तक्रारीत खरा पुरावा हवा असेल तर खाण सुरू होण्याआधी घरांचे फोटो आणि तड्यांच्या नोंदी. पुन्हा तेच: आधी.

बंद करण्याचे पैसे उघडतानाच

खाण संपल्यावर कंपनी निघून जाईल आणि खड्डा गावाच्या गळ्यात राहील, ही भीती निराधार नव्हती. म्हणून कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये खाण बंद करण्याबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली. बंद करण्याची योजना खाण आराखड्यासोबतच मंजूर होते आणि त्यासाठीचा पैसा एस्क्रो खात्यात, म्हणजे याच कामासाठी बँकेत राखून ठेवलेल्या खात्यात, दरवर्षी भरावा लागतो. सुरुवातीला खुल्या खाणीसाठी हा दर हेक्टरी ६ लाख रुपये होता. पुढे तो वाढला. कोळसा नियंत्रकांच्या संमतीशिवाय कंपनीला त्या खात्यातून पैसे काढता येत नाहीत.

खाण चालू असतानाच मागचा खड्डा ओबीने भरत यायचं, त्यावर राखून ठेवलेली माती पसरायची, आधी गवत आणि मग स्थानिक झाडं लावायची, अशी अपेक्षा असते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये खाणपट्टेधारकांनी खणलेल्या जमिनीवर पुन्हा गवत वाढवावं असा आदेश दिला आणि ती अट आता मंजुरीपत्रांत असते. शेवटी बहुधा एक खड्डा उरतोच, कारण सुरुवातीच्या वर्षांतला माल बाहेरच्या ढिगात गेलेला असतो. तिथे पाणी साठवायचं ठरलं तर काठाचे उतार सौम्य हवेत आणि कुंपण हवं. औष्णिक केंद्राची राख भरायची ठरली तर राखेतले धातू भूजलात उतरणार नाहीत याची वेगळी तपासणी हवी. योजनेत ‘जलाशय’ एवढाच शब्द असेल, तर खोली आणि उतार विचारावेत.

पत्र कुठे मिळतं

मंजुरी मिळाल्यापासून सात दिवसांत कंपनीला दोन स्थानिक वर्तमानपत्रांत जाहिरात द्यावी लागते आणि पत्राची प्रत संबंधित पंचायत व जिल्हा परिषदेकडे पाठवावी लागते. पत्र केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवरही असतं. त्याविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात जायचं असेल तर मुदत ३० दिवसांची. सबळ कारण दाखवलं तर आणखी ६० दिवस, त्यापुढे नाही. महाराष्ट्रासाठी न्यायाधिकरणाचं पीठ पुण्यात आहे. त्यामुळे सात दिवसांतली ती जाहिरात कुणाच्या नजरेस पडली नाही, तर महत्त्वाचे दिवस तिथेच वाया जातात.

खाण सुरू झाल्यावर दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, अटींच्या पालनाचा अहवाल द्यावा लागतो. त्यात प्रत्येक अटीसमोर उत्तर असतं. ‘पालन केले जात आहे’ एवढंच लिहिलेलं असेल तर ते उत्तर धरू नये. पीझोमीटरच्या अटीसमोर विहिरींची जागा, तारखा आणि पातळ्या असायला हव्यात. ढिगाच्या अटीसमोर मोजलेला उतार. सुपीक मातीसमोर किती काढली, किती वापरली, किती शिल्लक. हे नसेल तर मंत्रालयाच्या नागपूरच्या प्रादेशिक कार्यालयाकडे लेखी मागणी करता येते, आणि प्रदूषण मंडळाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करून तपासणीचे अहवाल मागता येतात.